ठाणेदाराचं अंडं

३ नोव्हेंबर, सोमवार

अंडं ठेवलं. वेळ सकाळी ९.४०. तापमान ३७.५. पाणी वाटीभर. लाइन चालू.

तेहतीस वर्षं लाइनमन म्हणून लॉगबुक भरलं, ते वळण काही जात नाही. रिटायर होताना हे एक कोरं रजिस्टर घरी आलं होतं. (आलं होतं. मी आणलं नव्हतं!) आज त्याचं उद्घाटन.

मशीन म्हणजे काय — औषधाच्या दुकानातला थर्मोकोलचा डबा, साठचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा आणि ऑनलाइन मागवलेला थर्मोस्टॅट. अंड्याखाली पिठाची चाळण. टर्कीचं अंडं म्हणजे मूठभर, अंगावर कथ्थे ठिपके. एका बाजूले पेन्सिलनं फुली मारली, दुसऱ्या बाजूले गोल. दिवसातून तीनदा पलटवाचं, म्हणजे पिल्लू एका बाजूले चिकटत नाही. अठ्ठावीस दिवस. म्हणजे १ डिसेंबरले फुटाले पाह्यजे.

रुक्मिणी स्वयंपाकघरातून मिक्सरले म्हणाली, "माही चाळण कुठं गेली बाप्पा! घरात चोर शिरला वाटते."

मिक्सर काही बोलला नाही. मी पण नाही.

४ नोव्हेंबर

बायको माह्याशी बोलत नाही. आज तीस दिवस. भांडण नाही, आदळआपट नाही, जेवण टायमावर. फक्त बोलणं बंद. जे सांगाचं ते मिक्सरले, बादलीले, नाही त शेजारच्या बिलकिसले. "चहा झाला हाय, कोणाले प्याचा असंन त." या घरात 'कोण' म्हणजे मी.

कारण काय? टर्की! रुक्मिणीनं सुलतानपूरच्या बहिणीकडून एक जोडी आणली होती. नर असा चालाचा छाती काढून, पंख फुगवून, की नाव मीच ठेवलं — ठाणेदार. मादी मग ठाणेदारीण. रुक्मिणी त्या ठाणेदाराशी जेवढं बोलाची तेवढं माह्याशी लग्नाच्या पहिल्या साली पण नाही बोलली. तो बी हरेक गोष्टीले गडगड करून हुंकारा द्याचा.

ऑक्टोबरात आमचे जुने साहेब अन् चार जण जेवाले आले. ती बहिणीकडं गेलेली. मी म्हणलं, पाच कोंबड्या कापण्यापेक्षा एक ठाणेदार कापला की झालं. डोकं पहा कसं चालते माह्यं.

संध्याकाळी ती थकून आली. मी सोता ताट वाढून देलं. एवढं कौतुक! दोन फोडी खाल्ल्या तिनं. म्हणाली, "अवो, चांगलं झालं. मटण कुठून आणलं?" मले वाटलं गंमत येईन. हसत म्हणलं, "ओळख बरं!"

तिनं ताट खाली ठेवलं. मागच्या अंगणात जाऊन खुराडं पाहून आली. हात धुतले. कितीतरी वेळ धुतले. त्या दिवसापासून 'अवो' बंद.

'अवो' म्हणजे मीच. चौतीस वर्षं माह्यं नाव तेच हाय. आधार कार्डावर मोतीराम लिहिलं हाय, ते सोडा.

५ नोव्हेंबर

तीनदा पलटवलं. फुली, गोल, फुली. एवढी ड्यूटी त नोकरीत नाही केली.

७ नोव्हेंबर

अमडापूर गावात बातमी पसरली. अंड्यावरून न उठणाऱ्या कोंबडीले आपल्याकडं खुडूक म्हणतात. आता पारावर कोणी विचारलं 'मोतीराम दिसत नाही बे?', की जवाब तयार — 'खुडूक बसला हाय!'

हसा बे. ज्या माणसानं तुमच्या घरात लाइट आणली त्याले हसा.

खरं म्हणजे मी काही हौसेनं नाही बसलो. गेल्या आठवड्यात ठाणेदारीण पण कुत्र्यायनं नेली. कापसाच्या वाळल्या पराटीच्या ढिगात तिचं एक अंडं सापडलं. रुक्मिणीनं ते पदरानं पुसलं अन् दुरडीले म्हणाली, "एवढंच राह्यलं आता." मी तिथंच उभा होतो. तिच्या हिशेबात दुरडीएवढा पण माहा नंबर नाही!

जनावराच्या डॉक्टरले फोन केला. ते म्हणतात, नर जाऊन महिना झाला तरी मादीच्या पोटात बीज टिकू शकते. अंड्यात जीव असू पण शकते, नसू पण शकते. डॉक्टर लोकायचं बरं असते, दोन्हीकडून बरोबर.

म्हणून हा सारा खटाटोप. फुटलं त ती बोलन. नाही फुटलं त मी अन् मिक्सर, दोघं म्हातारे होऊ या घरात.

९ नोव्हेंबर

उद्या सातवा दिवस. मोबाईलवरच्या व्हिडिओत अंडे उबवणं शिकवणारा गुरुजी म्हणते सातव्या दिवशी अंड्यामागं टॉर्च लावा — लाल जाळं दिसलं त जीव हाय, साफ दिसलं त फेकून द्या. पण उद्याच मले बुलढाण्याले जाणं हाय. हयातीचा दाखला. दर नोव्हेंबरात सरकारले दाखवा लागते की मी जिवंत हाय. बायकोले दाखवाची काही सोय नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सातले निघालो. बँकेत अंगठा लावला, मशीन म्हणे जुळत नाही. तेहतीस वर्षं तारा ओढून ओढून अंगठ्याच्या रेघा गेल्या. मी समोर उभा, तरी जिवंत नाही! दुपारून दुसरी मशीन आली. तिनं ओळखलं.

घरी येता येता दिवस मावळला. अंडं जागेवर. वाटीत पाणी काठोकाठ भरलेलं. मी भरलं नव्हतं.

रुक्मिणीचे डोळे लाल. मी काही विचारलं नाही, तरी मिक्सरले म्हणाली, "कांदे लय तिखट यावर्षी." जेवाले मुगाची डाळ होती. कांदा काही दिसला नाही.

११ नोव्हेंबर

अंडं हातात घेतलं त हलकं लागलं. बारीक पण झाल्यासारखं. आधी घाबरलो, मग आठवलं — गुरुजी म्हणते अंड्यातलं पाणी उडते, वजन शेकडा बारा-तेरानं घटते. माह्यं त तिसऱ्या हिश्श्यानं घटलं! म्हणजे माही मशीन पुस्तकातल्याहून भारी.

बोटाले कथ्थं लागलं जरासं. पान खाऊन हात न धुता अंड्याले हात लावणारा गधा कोण? मीच. उद्यापासून साबण.

मग कोठीच्या खोलीत जाऊन टॉर्च लावली. काहीच नाही. साफ पिवळं. जाळं नाही, ठिपका नाही. दोनदा पाह्यलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाह्यलं.

फेकाले निघालो होतो. हातात अंडं, पाय मोरीकडं. तेवढ्यात रुक्मिणी बादलीले मोठ्यानं म्हणाली, "काही काही लोकायले भलतीच घाई! अजून चार दिस ठेवलं त काय आभाळ कोसळते?"

ठेवलं परत. बादलीचं कोण मोडणार!

१२ नोव्हेंबर

पानाच्या डब्यातला कात संपला. परवाच त आणला होता! मी इतके पानं खातो काय? कमी केलं पाह्यजे.

१३ नोव्हेंबर

सकाळी कुंपणावरून बिलकिस म्हणे, "मोतीकाका, अंडा कैसा है? संभालना हां बराबर!" अन् ओढणी तोंडाले लावून आत पळाली. यात हसण्यासारखं काय होतं ते तिलेच माहीत. तिचा घरवाला मतीन बाजारात अंडे-कोंबड्या विकते, त्या घरात अंड्याले हसतात काऊन?

रुक्मिणीनं रिकाम्या खुराड्यात मेथी टाकली. जागा उकरून, आळं करून, पाणी देऊन. "मोकळी जागा पाहवत नाही," झारीले म्हणाली.

हे माह्यासाठी होतं. झारीच्या निमित्तानं. समजते मले, एवढा काही मठ्ठ नाही.

१५ नोव्हेंबर

जाळं!!!

लाल! धाग्यासारखं! मधात एक टिंब, अन् ते हलते!

कोठीतून ओरडत बाहेर आलो. रुक्मिणी आली, पदराले हात पुसत. मी टॉर्च धरली, तिनं वाकून पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मग अंड्यालेच म्हणाली, "आलं वो माय."

माह्याकडं पाह्यलं नाही. पण माह्या शेजारी उभी होती, हातभर अंतरावर. लॉगबुकात नोंद करण्यासारखी गोष्ट हाय.

१७ नोव्हेंबर

आज चौदावा दिवस. मोबाईलमधला फोटो अन् माह्यं अंडं जुळवून पाह्यलं. तंतोतंत जुळते — पण सातव्या दिवसाच्या फोटोशी! म्हणजे पिल्लू सात दिवस मागं चालून राह्यलं. टर्की हाय का सरकारी फाइल?

२० नोव्हेंबर

आज लाइन गेली. दुपारी दोनले. थंडी ही अशी, बाहेर वारं सुटलेलं.

अविनाशले फोन लावला. माह्याच हाताखाली खांबावर चढाले शिकलेला पोरगा, आता माह्याच जागेवर हाय. म्हणे, "काका, डीपीवरचा फ्यूज गेला. येऊन जाईन पंधरा मिनिटात."

पंधरा मिनिटात! अबे, हे वाक्य मी तुले शिकवलं! तेहतीस वर्षं मी गावाले हेच सांगतलं अन् चहा प्याले गेलो. लोकायच्या शिव्या आता व्याजासकट पोचल्या.

मी सोताच सायकल काढली अन् डीपीकडं निघालो. अविनाश वर, मी खालून शिकवतो. तो म्हणे, "काका, घरी जा नं, तुमच्यानं माहा हात थरथरते." सव्वा तास लागला.

घरी धावत आलो. डबा गोधडीत गुंडाळलेला. झाकण उघडलं त आत चाळणीशेजारी रुक्मिणीची गुडघे शेकाची रबराची पिशवी. गरम. तापमापी ३७ वर.

दोन महिने झाले, तिचे गुडघे धरले की त्या पिशवीबिगर तिले उठता येत नाही. आज ती भिंत धरून धरून चालत होती. पिशवी मी परत नेऊन देली. तिनं घेतली. मी 'गुडघे लय दुखतात काय?' असं विचाराले तोंड उघडलं, अन् विचारलं काय — "पीठ दळाचं हाय काय?"

लाइनमन! फॉल्ट कुठं हाय ते दीड महिन्यापासून माहीत हाय. खांबावर चढाची हिंमत नाही.

२४ नोव्हेंबर

अंड्यात अंधार. गुरुजी म्हणते हे चांगलं, पिल्लानं जागा भरली. पाण्यात करवंटी तरंगते तसं अंडं हातात जरासं हिंदकळते.

ठाणेदारीणच्या पोटचं एकटं. नाव काय ठेवावं? मनात आलं 'ठाणेदार' च ठेवू. मग आठवलं तिनं हात कितीतरी वेळ धुतले होते. नाही ठेवत.

२८ नोव्हेंबर

पलटवणं बंद. फुली वर ठेवली. दोन वाट्या पाणी. झाकण उघडाचं नाही.

झाकण न उघडता बसणं हे पलटवण्यापेक्षा कठीण. आज खरा खुडूक झालो.

३० नोव्हेंबर

अंड्यातून आवाज आला! बारीक — चिव् चिव्! मी कान लावला त रुक्मिणी पण आली, दोघायचे डोके टकरले. टकरल्यावर चौतीस वर्षं ती म्हणाची, "अवो, पाहून!" मी वाट पाह्यली.

तिनं डोकं चोळलं अन् अंड्याले म्हणाली, "ये रे बाबा लवकर. वाट पाहून राह्यले लोक."

लोक!

१ डिसेंबर, सोमवार

फुटलं.

सकाळी सहाले भोक, नऊले तडा, सव्वा अकराले बाहेर. ओलं, काळंपिवळं, थरथरतं. अर्ध्या तासात सुकलं अन् पायावर उभं! अठ्ठाविसाव्या दिवशी! गुरुजी म्हणे तेवढ्याच दिवशी! मी हात जोडले डब्याले.

बातमी गेली. दाराशी पंधरा-वीस जण. बिलकिस, मतीन, पारावरचे दोन-तीन रिकामे. मी पिल्लू तळहातावर घेऊन बाहेर आलो — पालखीत देव आणावा तसा. म्हणलं, "पहा! खुडूक म्हणत होते नं? अख्ख्या अमडापुरात पहिलं घरी काढलेलं टर्कीचं पिल्लू!"

मतीननं पाह्यलं. जवळून पाह्यलं. पिल्लाची चोच पाह्यली, पाय पाह्यले. मग म्हणे, "काका... राग नका मानू. हे त गावरान कोंबडीचं पिल्लू हाय."

बिलकिसनं त्याले असा चिमटा घेतला की तो कळवळला. पण उचलली जीभ लावली टाळ्याले, आता काय उपेग!

लोक हसले. लय हसले. एक जण म्हणे, "लाइनमनचं कनेक्शन चुकलं!" मी पिल्लू घेऊन आत आलो, दार लावलं.

म्हणजे पराटीच्या ढिगात कोणाची तरी कोंबडी येऊन अंडं घालून गेली. अन् मी महिनाभर त्याच्यापुढं बल्ब लावून आरती ओवाळली. ठाणेदाराचं काहीच उरलं नाही. मी कापला तो कापलाच. आता ती जन्मात बोलत नाही.

रुक्मिणी दारात उभी होती. मी तिच्याकडं पाह्यलं नाही. तोंड कुठं होतं पाहाले?

२ डिसेंबर

सकाळी मतीन आला, माफी मागाले. बसता बसता म्हणे, "पण काका, एक गोष्ट समजत नाही. कोंबडीचं अंडं एकवीस दिवसात फुटते. तुमच्या मशीनमधी अठ्ठावीस दिवस काऊन लागले?"

तो गेला. मी बसलो. अठ्ठावीसातून एकवीस गेले की सात.

टरफल डब्यातच होतं. उचललं. बोट ओलं करून ठिपक्यावर घासलं. ठिपका निघून आला. दुसरा पण. बोट जिभेले लावलं.

कात.

तीस वर्षं पान खातो मी, ती चव मले कोण शिकवणार!

लॉगबुक उलटं चाळलं. १० नोव्हेंबर — मी बुलढाण्यात, जिवंत असल्याचा पुरावा देत. ती घरी एकटी. सातवा दिवस. तिनं टॉर्च लावली असंन. साफ दिसलं असंन. कांदे. मग बिलकिसच्या घरून ताजं अंडं. माह्याच डब्यातल्या काताचं पाणी. एक एक ठिपका, ठाणेदारीणच्या अंड्यावर होते तसे. फुली तिची, गोल तिचा. अन् ठाणेदारीणचं खरं अंडं कुठं हाय ते समजलं — त्याच्यावर मेथी उगवली हाय, चांगली चार बोटं.

रुक्मिणीजवळ तेवढंच राह्यलं होतं. तरी मातीत घालून आली, अन् बसली ठिपके काढत. कोणासाठी? 'कोणा'साठी!

मी रडलो. टरफल हातात घेऊन रडलो. नोंद करून ठेवतो, वेळ १०.१५.

मग स्वयंपाकघरात गेलो. ती पाठमोरी, भाकरी थापत. तिच्याकडं तोंड करून बोलाची हिंमत अजून पण नव्हती. मिक्सरपुढं उभा राह्यलो अन् मिक्सरले म्हणलं, "चुकलं माह्यं. ठाणेदाराले हात लावाले नव्हता पाह्यजे. अन् तुले न सांगता ताटात वाढाले त मुळीच नव्हतं पाह्यजे. वरून हसलो. ते सगळ्यात वाईट."

थापणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. भाकरी करपली.

दुपारी पारावरून जाताना एकानं विचारलं, "काय मोतीराम, कोंबडी बरी हाय नं?"

म्हणलं, "टर्की हाय बे ते. लहानपणी असेच दिसतात."

३ डिसेंबर

सकाळी चहा प्याले स्वयंपाकघरात बसलो होतो.

"अवो, टर्कीले कण्या टाकल्या काय?"

मी मिक्सरकडं पाह्यलं. मागं वळून दाराकडं पाह्यलं. तिथं तिसरं कोणी नव्हतं.